घर घ्यावे, पण रान राखून

‘घर पाहावे बांधून’ असे जुनी माणसे म्हणत. आता बांधण्यापेक्षा विकत घेण्याचे दिवस आले आहेत. पोरगा शिकतो, कारखान्यात नाही तर कचेरीत लागतो, लग्न होते, आणि दोन-चार वर्षांत भाड्याच्या खोलीला कंटाळून फ्लॅटची गोष्ट काढतो. त्यात वाईट काही नाही. पण घराण्यातले ते पहिलेच विकतचे घर असते. विचारायला जाणता माणूस जवळ नसतो, आणि पैशाला गळती लागते ती तिथेच. शेतकी विस्ताराच्या नोकरीत गावोगाव हिंडताना मी हे अनेक घरांतून पाहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्याच घरात आला. पुतण्या चाकणच्या एका कारखान्यात आहे, सूनबाई तिकडेच एका दवाखान्यात परिचारिका. फ्लॅटची किंमत २६ लाख. धाकट्या भावाने मनाशी ठरवून टाकले होते, की विहिरीलगतचे एकर विकायचे आणि कर्ज होईल तितके टाळायचे. मला म्हणाला, “दादा, बापानं जन्मभर सोसायटीचं कर्ज फेडलं. पोराच्या डोक्यावर ते ओझं नको.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कर्जाची धास्ती आपल्या घरांत उगाच आलेली नाही. पण रान आहे सगळे मिळून चार एकर. विहिरीलगतचे एकर गेले, की त्याबरोबर विहीर गेली. उरलेली तीन एकरे पावसाच्या भरवशावर. कांदा गेला, गाईंचा घास गेला. म्हणजे विकायचे एक एकर आणि कोरडवाहू करायची उरलेली तीनही. मी त्याला एवढेच म्हटले, “पोराचं कर्ज पगारातून फिटेल. विकलेलं रान काही परत यायचं नाही.”

मग दुसरी युक्ती निघाली. यंदाचे पीककर्ज घेऊन त्यातून विसार द्यायचा! ही तर पहिलीपेक्षा वाईट. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्र आणि राज्य यांच्या सवलतींमुळे आपल्याकडे शेतकऱ्याला त्याचे व्याज पडत नाही. तोच पैसा भिंतीत घातला, की मुदतीत परत कोठून करणार? सवलत बुडते, खाते थकते, आणि पुढच्या हंगामात बियाणे-खतासाठी सावकाराचे दार. पेरणीचा पैसा पेरणीलाच लावावा.

शेवटी आम्ही वही घेऊन बसलो. पोरांची शिल्लक आणि भावाची ठेव मिळून ८ लाख होत होते. भावाला वाटले, ८ लाख भरू, १८ लाख कर्ज काढू. पण सांगितलेली किंमत ही घराची किंमत नसते. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकिलाची फी, वीजमीटर, सोसायटीची वर्गणी, खिडक्यांच्या जाळ्या असे एकाखाली एक मांडत गेलो, तर आकडा दोन लाखांच्या घरात गेला. बँक घराच्या किमतीवर कर्ज देते, हा वरखर्च बहुधा आपल्याच खिशातून जातो. म्हणून ६ लाख घरासाठी आणि २ लाख वरखर्चासाठी राखले. कर्ज २० लाख. विसार देण्याआधी हा हिशेब झाला नाही, की ऐनवेळी हातउसने आणि सोने गहाण हे ठरलेलेच.

मुद्रांक शुल्काविषयी एक गोष्ट घरोघर माहीत हवी. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात राहते घर फक्त बाईच्या नावावर घेतले, तर या शुल्कात १ टक्का सवलत मिळते. २६ लाखांवर ती २६ हजार होते. नवरा-बायको दोघांची नावे घातली, तर ती मिळत नाही. भाऊ जरा घुटमळला, “सुनेच्या एकटीच्या नावावर?” वहिनींनीच निकाल लावला. म्हणाल्या, “हप्त्याला तिचा पगार लागणार, मग नावाला ती का नको?” घर सूनबाईच्या नावावर झाले.

आपला शेतकरी बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो आणि शंभर-दोनशेसाठी तासभर घासाघीस करतो. तोच बिल्डरच्या थंडगार कचेरीत गेला, की चहा पिऊन मान डोलावतो. तिथेही बैलबाजारासारखेच वागावे. आम्हाला सांगितलेले क्षेत्र होते ८०० चौरस फूट. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली आपल्या पायाखालची जागा, विचारली तेव्हा ती ५७० निघाली. स्थावर संपदा कायदा २०१६ चा आहे. त्याप्रमाणे घराची विक्री चटई क्षेत्रावरच व्हायला हवी. फुटाचा भाव त्यावरूनच काढावा आणि चार ठिकाणचे भाव ताडून पाहावेत. नव्या बांधकामाचा महारेरा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. तो घातला, की त्या प्रकल्पाची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आणि या कायद्याप्रमाणे करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. कोणी घाई केली, तर हे शांतपणे सांगावे.

अर्धवट बांधकामातले घर स्वस्त दिसते. पण त्यावर १ किंवा ५ टक्के जीएसटी पडतो, आणि ताबा मिळेपर्यंत खोलीचे भाडे व बँकेचे व्याज अशी दोन्ही तोंडे भरावी लागतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. आम्ही तयार घरच पाहिले, आणि तेही आषाढातल्या पावसात. ओल कोणत्या भिंतीला आहे, हे उन्हाळ्यात दिसत नाही. पाण्याचे मात्र उलटे. ते एप्रिल-मे महिन्यांत कसे असते, हे शेजाऱ्यांना विचारावे. टँकरचे पाणी असेल, तर त्याचा खर्च दर महिन्याला आपल्याच माथी येतो.

जुने घर घेत असाल, तर वकिलाकडून मागची खरेदीखते आणि सूची क्रमांक २ तपासून घ्या. मूळ मालकाचे कर्ज, घरपट्टी, वीजबिल, सोसायटीची थकबाकी सारे पाहा. आणि गुंठा-दोन गुंठ्यांची जागा नुसत्या नोटरीच्या कागदावर कोणी देत असेल, तर हात जोडून परत या. नोंदणी झालेल्या खरेदीखताशिवाय मालकी येत नाही. वकिलाचे पाच-दहा हजार वाचवायला जाऊन जन्माची पुंजी घालवू नये.

आता कर्जाकडे वळू. निदान तीन बँकांत जाऊन व्याजदर आणि प्रक्रिया शुल्क विचारा. शुल्क कमी करा म्हणायला लाजू नका. मोटारसायकलचे हप्ते थकले असतील, किंवा कोणाला जामीन राहिलात आणि त्याने कर्ज बुडवले असेल, तर तेही बँकेला दिसते. ते आधी निस्तरा. पोराच्या नावावर कोठेही पक्के घर नसेल, तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये आपण बसतो का, हेही बँकेत विचारून घ्या.

मुदतीचा हिशेब मी भावाला वहीतच मांडून दाखवला. २० लाख, ९ टक्के, २० वर्षे धरली, तर हप्ता सुमारे १८ हजार आणि एकूण व्याज २३ लाखांवर. तेच १५ वर्षांत फेडायचे, तर हप्ता सव्वादोन-अडीच हजारांनी वाढतो, पण व्याज साडेसहा लाखांहून अधिक कमी होते. पुतण्याला एवढा मोठा हप्ता झेपणारा नव्हता, म्हणून मुदत २० वर्षांचीच ठेवली. त्याला दुसरा रस्ता आहे. पहिल्या महिन्याच्या १८ हजारांतले १५ हजार व्याजातच जातात, मुद्दल तीनच हजारांनी हलते. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत हाती येईल ती रक्कम मुद्दलात भरावी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले, तर बँक दंड घेऊ शकत नाही. भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असे मात्र लेखी द्यावे.

पहिल्या वर्षाअखेर भावाने कांद्याच्या पट्टीतून १ लाख रुपये पोराच्या कर्जात भरले. वरच्या हिशेबाने त्या एका लाखाने शेवटचे सुमारे २७ हप्ते कमी झाले, म्हणजे पावणेपाच लाखांच्या वर. हा कांदा विहिरीलगतच्या त्याच एकरातला.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पोराने घराची गोष्ट काढली, तर नाही म्हणू नका. पण सातबारा पेटीतून काढण्याआधी वही काढा. सुनेला आणि लेकीलाही हिशेबाला बसवा, कागद वकिलाला दाखवा, आणि मगच विसाराचे पैसे मोजा.