हट्टी कोण?

स्वतःच्या हुशारीविषयीं मनुष्याची जी समजूत असते, ती खोटी ठरविण्यास फार मोठा प्रसंग लागतो असें नाहीं. कधीं कधीं सायकलचें एक चाक पुरे होतें. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हांस हा अनुभव आला. तो आमच्या दृष्टीनें भूषणावह नाहीं. तथापि विद्यार्थ्यांस आम्ही वर्षभर चुका कबूल करण्यास सांगतों, तेव्हां एखादी आपलीहि त्यांच्यापुढें मांडावी, या हेतूनें हा लेख लिहीत आहों. शिवाय ज्यांच्या घरीं नव्या पद्धतीच्या सायकली आहेत, त्यांस यांतून थोडी उपयोगाची माहितीहि मिळेल.

पंक्चर काढणें हें आम्हांस लहानपणापासून मुळाक्षरांइतकें परिचयाचें. टायरची एक बाजू उचलावी, ट्यूब ओढून घ्यावी, ती घमेल्यांतील पाण्यांत बुडवावी, बुडबुडे दिसतील तेथें खूण करावी, ती जागा घांसून सोल्युशन लावावें व रबराचा तुकडा चिकटवावा, काम झालें. वडिलांनीं शिकविलेल्या या विद्येचा आम्हांस थोडा गर्वच होता. “ज्याला आपली सायकल दुरुस्त करतां येत नाहीं, त्यानें ती चालवूं नये,” असें वाक्य आम्हीं वर्गांत अनेकदां ऐकविलें आहे. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस तें आठवत असेल.

आमचा मुलगा याच शाळेंत नववींत शिकतो. उन्हाळ्यांत त्याच्या मामांनीं आपली वापरलेली डोंगरी सायकल त्यास दिली. तिच्या चाकांत ट्यूबच नाहीं. टायरची कड रिमला इतकी घट्ट चिकटून बसते कीं हवा आंतच कोंडली जाते. आंत दुधासारखें एक पातळ द्रव्य घातलेलें असतें. त्यास सीलंट म्हणतात. कांटा रुतला कीं बाहेर निघणाऱ्या हवेबरोबर हें द्रव्य भोंकाकडे धांवतें व तेथें गोठून भोंक बुजवितें. आमच्या अहिल्यानगरच्या माळरानावर पावसाळा संपला कीं सराट्याचे कांटे वाळून रस्त्यावर पसरतात. बाभळी तर बारमास आहेतच. चांदबिबीचा महाल म्हणून लोक ज्यास ओळखतात, त्या सलाबतखानाच्या कबरीपर्यंत सकाळीं सायकलीनें जाणाऱ्या मुलांस या सोयीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

दिवाळींत मागचा टायर अगदीं गुळगुळीत झाला, म्हणून नवा आणला. दुकानदार म्हणाले, “सर, चाक घेऊन या, बसवून देतों. हे टायर जरा हट्टी असतात.” आम्हीं हंसून सांगितलें कीं, त्याची गरज नाहीं, हें काम घरींच होईल.

शनिवारीं दुपारीं अंगणांत चाक घेऊन बसलों. हवा सोडली. टायर मात्र रिमपासून केंसभरहि हलेना. अंगठ्यांनीं दाबलें, मुठीनें बुक्के मारले, व्यर्थ. मुलगा चाक धरून बसला होता. त्यानें टायरबरोबर आलेलें माहितीपत्रक सकाळींच वाचून ठेवलें होतें. तो म्हणाला, “बाबा, आधीं दोन्ही कडा सोडवून मधल्या पन्हळींत ढकलायच्या, असें यांत दिलें आहे.” आम्ही म्हणालों, “शिकवूं नकोस. चाक घट्ट धर.” टायर उचलावयाच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या होत्या, त्यांतील एक मोडली. मग आम्ही पेचकस आणावयास उठलों. “बाबा, त्यानें टेप फाटेल,” असें तो पुन्हां म्हणाला. तेंहि आम्हीं ऐकलें नाहीं.

पेचकस कडेखालीं घालून सर्व बळ लावलें, आणि तो निसटला. रिममधील टेप फाडून तो मुलाच्या डाव्या अंगठ्यास लागला. रक्त आलें. त्या क्षणीं आमच्या तोंडून जे शब्द निघाले, ते लिहितांना आजहि संकोच होतो. आम्ही म्हणालों, “तुला नीट धरायला काय झालें?”

मुलगा कांहीं बोलला नाहीं. नळाखालीं हात धुऊन तो घरांत निघून गेला.

आमच्या मातुश्री ओसरीवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं सर्व पाहिलें होतें. सूप खालीं ठेवून त्या म्हणाल्या, “अरे, कासारानें कधीं बांगडी ठोकून चढविलेली पाहिलीस का? बांगडी अडते तेथें तो जोर करीत नाहीं. अंगठा तळव्यांत दुमडतो, हात आवळतो, साबणाचें पाणी लावतो; मग बांगडी आपोआप जाते. जोर करणारा बांगडीहि फोडतो आणि हातहि कापतो. तूं आधीं आंत जा. त्या लेकराच्या हाताला हळद लाव.”

आम्ही आंत गेलों. जखम फार खोल नव्हती. ती स्वच्छ करून पट्टी बांधली. आणि चूक त्याची नसून आमची होती, तो दोनदां बरोबर सांगत असतां आम्हीं ऐकलें नाहीं, असें त्यास स्पष्ट सांगितलें. पंचवीस वर्षांच्या मुलांस उपदेश केलेल्या तोंडाला हीं दोन वाक्यें फार जड गेलीं. तो थोडा वेळ पट्टीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “पत्रक आणूं का?”

पत्रकांत आणि मातुश्रींच्या बोलण्यांत एकच गोष्ट सांगितली होती. रिम आडवी कापून पाहिली तर तिच्या दोन्ही कडांशीं एकेक पायरी दिसेल व मध्यभागीं खोलगट पन्हळ दिसेल. हवा भरली असतां टायरच्या कडा त्या पायऱ्यांवर बसतात. ट्यूब नसलेल्या चाकांत पायरीच्या आंतल्या बाजूस बहुधा एक बारीक उंचवटाहि ठेवतात, म्हणजे हवा कमी झाली तरी कड घसरूं नये. हवा सोडली तरी टायर हलत नाहीं, त्याचें कारण हें. कडेंत न ताणणारी तार किंवा तसाच बळकट धागा असतो. ती ओढून मोठी होत नाहीं. मग सैलपणा आणावयाचा कोठून? तो मधल्या पन्हळींत असतो.

भूमितीच्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा. आमच्या चाकाची टायर बसण्याची पायरी ६२२ मिलिमीटर व्यासाची आहे. तिचा परीघ सुमारे १९५४ मिलिमीटर. पन्हळ पायरीहून ३ मिलिमीटर खोल धरली, तर तेथील व्यास ६१६ व परीघ सुमारे १९३५ मिलिमीटर होतो. म्हणजे कड पायरीवरून पन्हळींत उतरली कीं जवळजवळ १९ मिलिमीटर लांबी मोकळी होते. ज्या टायरशीं आम्ही तासभर झुंजलों, त्याच्या पोटांत हा सैलपणा होताच. परंतु तो आम्ही जोर करीत होतों त्या जागीं नव्हता, समोरच्या बाजूस होता.

ही युक्तीहि आजची नाहीं. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचा टायर बनविला व १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. तो टायर रिमला पक्का जखडलेला असल्यामुळें काढणें मोठें कष्टाचें होतें. पुढें १८९० सालीं चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनीं कडेंत तार असलेला टायर व मध्यें खोलगट असलेली रिम या जोडीचें पेटंट घेतलें. माव्हिक या फ्रेंच कंपनीनें १९९९ सालीं डोंगरी सायकलींसाठीं ट्यूबविरहित पद्धत बाजारांत आणली, तींतहि मधली पन्हळ कायम राहिली.

रविवारीं सायंकाळीं आम्ही दोघे पुन्हां अंगणांत बसलों. चाक जमिनीवर आडवें ठेवलें. ब्रेकची थाळी वर राहील अशी काळजी घेतली. रिमवर भार न देतां टायरच्या बाजूवर टांचेनें हळूहळू दाब दिला. ठक् असा आवाज होऊन कड पायरीवरून सुटली. तसेंच सर्व बाजूंनीं, मग चाक उचलून धरून दुसऱ्या कडेसहि केलें. दोन्ही कडा पन्हळींत ढकलल्यावर व्हॉल्व्हजवळ उरलेली एकच पट्टी घातली, आणि टायर मुकाट्यानें उतरला.

फाटलेली टेप बदलणें भाग होतें. कारण टेप फुटली कीं तारांच्या भोंकांतून हवा निघून जाते. सोमवारीं त्याच दुकानांतून रिमच्या आंतील रुंदीची टेप आणली. दुकानदारांनीं टेप कशी फाटली हें विचारलें नाहीं, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहों. जुना चिकटपणा पुसून, रिम कोरडी करून, टेप ताणून बसविली. नव्या टायरची पहिली कड हातानेंच गेली. दुसरी बसवितांना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनें आरंभ केला व दोन्ही हात व्हॉल्व्हकडे आणीत गेलों. व्हॉल्व्हचा रबरी पाया पन्हळ अडवून बसतो, म्हणून तेथें शेवटीं पोंचावयाचें. शेवटची वीतभर कड अडली. पूर्वींचे आम्ही असतों तर तेथेंच भिडलों असतों. या वेळीं मुलानें समोरची बाजू चिमटीनें दाबून कडा पुन्हां पन्हळींत बसविल्या, मिळालेला सैलपणा दोन्ही हातांनीं पुढें सारीत आणला, आम्हीं साबणाचें पाणी लावलें, आणि तळहाताच्या एका रेट्यानें कड आंत गेली. पट्टी लागलीच नाहीं.

नंतर व्हॉल्व्हमधील बारीक नळी काढून, म्हणजे हवेस मोकळी वाट मिळते, मोठ्या पंपानें भराभर हवा भरली. कडा रिमला टेकत नसतील, तर टायरच्या मधोमध सभोंवार एक पट्टा आवळावा. त्यानें कडा बाहेर फांकतात. ठक्, ठक् असे आवाज झाले कीं कडा पायऱ्यांवर चढल्या असें समजावें. टायर व रिम या दोहोंवर लिहिलेल्या दाबांपैकीं जो कमी असेल, त्यापलीकडे हवा कधींहि भरूं नये. मग व्हॉल्व्हमधून सुमारे १०० मिलिलिटर सीलंट ओतून नळी परत बसविली, हवा भरली व चाक चारी बाजूंनीं फिरविलें. सीलंट कालांतरानें वाळतें, व उन्हाळ्यांत लवकर वाळतें. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनीं तें पाहावें.

असो. सुटीनंतर शाळा सुरू झाली, तेव्हां या चाकाची आठवण आम्हांस वर्गांत झाली. बीजगणितांत अडणारा एक विद्यार्थी आहे. पहिल्या सत्रांत आम्हीं त्यास अनेकदां फळ्यापाशीं उभें करून, तो अडे त्याच पायरीवर आवाज चढविला होता, आणि मनांत त्याचें नांव हट्टी असें ठेविलें होतें. या खेपेस त्यास जवळ बसवून मागून आरंभ केला. तो बीजगणितांत अडत नव्हताच. अपूर्णांकांच्या भागाकारांत अडत होता. दोन आठवडे आम्हीं तेंच केलें. आतां तो फळ्याकडे न भितां येतो. हट्टी तो नव्हता, हें कळण्यास आम्हांस एक पेचकस व मुलाच्या अंगठ्याची जखम इतकी किंमत द्यावी लागली.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं मुलास वाचून दाखविला व त्याची परवानगी घेतली. सर्व ऐकून घेऊन तो म्हणाला, “बाबा, पाण्यांत साबण थोडाच घालायचा, हें लिहायचें राहिलें.” तें त्याच्या सांगण्यावरून येथें लिहिलें आहे.