नॉम पेन्हची ती शाळा

कंबोडिया म्हटलं की अंगकोर वाटचं भलंमोठं मंदिर डोळ्यांपुढे येतं. पुष्कळ प्रवासी ते बघून तसेच परत फिरतात. पण राजधानी नॉम पेन्हमध्ये एक जुनी शाळा आहे, ती मला तुम्हांला दाखवायची आहे. तीन मजली इमारती, पुढे लांबच लांब व्हरांडे, मधे पटांगण, त्यात चाफ्याची झाडं. काही खोल्यांत फळासुद्धा अजून भिंतीवर आहे. तुमच्याच शाळेत आल्यासारखं वाटेल. मग एक पाटी दिसते. तिच्यावर हसरा चेहरा काढून त्याच्यावर काट मारलेली आहे. इथे हसायचं नाही.

१७ एप्रिल १९७५ ला पोल पोटच्या ख्मेर रूज संघटनेनं देशाची सत्ता बळकावली. सगळ्यांनी शेतात राबायचं, असा हुकूम सुटला. शहरं रिकामी केली. पैसा, बाजार, शाळा, सगळं बंद! पुढच्या पावणेचार वर्षांत उपासमार, आजार आणि कत्तली यांत सुमारे १७ लाख माणसं गेली. ओस पडलेल्या या शाळेचा तेव्हा तुरुंग झाला. त्याचं नाव एस-२१. आज ते तुओल स्लेंग संग्रहालय म्हणून ओळखलं जातं.

वर्गावर्गांमधल्या भिंती फोडून पहारेकऱ्यांना जायला वाट केली. काही वर्गांत विटांच्या कोठड्या बांधल्या, इतक्या अरुंद की मला आत उभं राहून दोन्ही हात पसरता येईनात. व्हरांड्यांना काटेरी तारांचं जाळं ठोकलं, कुणी खाली उडी मारू नये म्हणून. इथल्या कैद्यांपैकी किमान १२,२७२ जणांचा बळी गेल्याचं न्यायालयानं पुढे नोंदवलं. त्यांत बायका होत्या, मुलंही होती. वाचले ते मूठभर. आता भिंतींवर त्यांचे फोटो ओळीनं लावलेत. त्यांतला एखादा तुमच्याच वयाचा दिसतो आणि पाय पुढे जात नाही.

हे सगळं करणारी माणसं कुठून आली असतील? राक्षस असतील, असं मनात येतं ना? तर ऐका. या तुरुंगाचा प्रमुख आधी गणिताचा मास्तर होता! त्याचं खरं नाव कांग गेक इआव, पण सगळे त्याला दुच म्हणत. टापटिपीचा, नीट शिकवणारा माणूस. दुच हे नाव त्यानं स्वतःच घेतलं होतं. लहानपणी शाळेत वाचलेल्या पुस्तकातला एक आज्ञाधारक, शहाणा मुलगा, त्याचं ते नाव. ‘सांगितलेलं ऐकणारं मूल’ ही आम्हां शिक्षकांची केवढी मोठी शाबासकी! त्या व्हरांड्यात उभं राहून ही गोष्ट आठवली, तेव्हा मला अगदी अवघडल्यासारखं झालं. मारहाण करून कैद्यांकडून कबुलीजबाब लिहून घेत. दुच ते तपासायचा, समासात शेरे मारायचा. वह्या तपासतात ना, तसा.

आणि पहारेकरी? बरेचसे खेड्यापाड्यांतले गरीब घरचे पोरगे, कित्येकांचं वय पंधरा ते वीसच्या आत. त्यांना घरापासून तोडलं होतं आणि एकच धडा दिला होता: आत आलेला प्रत्येक माणूस शत्रू आहे. कैद्याशी बोलायची बंदी. शत्रूशी बोलायचंच नाही म्हटल्यावर तो माणूस आहे हे कळणार कसं? शिवाय कामाची वाटणी केलेली. एकानं फोटो काढायचा, एकानं कागद टंकायचा, एकानं बेडी घालायची, एकानं रात्री ट्रक चालवायचा. जो तो म्हणणार, मी तर एवढंच केलं! त्यात जिवाची भीती. पहाऱ्यावर डुलकी लागली, एखादी चूक झाली, की पहारेकरी स्वतःच कैदी. शंभराहून जास्त कर्मचारी असे त्याच तुरुंगात बळी गेले.

मग त्यांना दोष द्यायचा की नाही? हा प्रश्न वान्न नाथ यांनी समोरासमोर विचारला. वान्न नाथ हे चित्रकार. पोल पोटची चित्रं काढायला उपयोगी म्हणून ते इथून वाचले. रिथी पान्ह या दिग्दर्शकानं २००३ साली एस-२१ वर माहितीपट केला, त्यात त्यांची जुन्या पहारेकऱ्यांशी गाठ पडते. आम्हीही बळीच होतो, असं पहारेकरी सांगतात. वान्न नाथ आवाज चढवत नाहीत. तुम्ही बळी, तर मग जे मेले ते कोण, असंच ते विचारतात. समोरच्यांना उत्तर देता येत नाही. दुचला २०१२ साली जन्मठेप झाली, २०२० मध्ये तो वारला.

त्याच माहितीपटात एक जुना पहारेकरी, आता मोठा झालेला, रिकाम्या वर्गात आपलं काम करून दाखवतो. कुलपं ओढून बघतो. नसलेल्या कैद्यांवर ओरडतो. पुन्हा बाहेर येतो, पुन्हा आत जातो. इतक्या वर्षांनी हातपाय सगळं आपोआप करतात. कॅमेरा मात्र दारातच थांबतो. जमिनीवर कैदी अजून झोपलेत असं समजून, त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून.