पोरांचं कोर्ट : काही टिपणं

‘द मेयर ऑफ हेल’. साल १९३३, वॉर्नर ब्रदर्स, दिग्दर्शक आर्ची मेयो, लांबी जेमतेम दीड तास. जाहिरात जेम्स कॅग्नीच्या नावावर, पण तो पडद्यावर यायला बराच वेळ लागतो. आधी भेटतात ती रस्त्यावरची पोरं. उभ्या गाड्या राखायचे पैसे मागतात. जो देणार नाही त्याच्या गाडीचं काही खरं नाही. मोठ्यांचा खंडणीचा धंदा पोरांनी आपल्या मापाचा करून घेतलेला आहे. महामंदीचा कडेलोट झालेलं साल आहे, हे कुणी पात्र बोलून दाखवत नाही आणि त्याची गरजही पडत नाही.

*

मग बालन्यायालय. मुलांसाठी वेगळं कोर्ट ही तेव्हा काही नवलाई उरलेली नव्हती, शिकागोत पहिलं सुरू झालं १८९९ साली. न्यायाधीश सज्जन आहेत, एकेका पोराच्या आईबापांना पुढे बोलावतात. या प्रसंगात चित्रपट आपली लाज घालवतो. काळ्या पोराचा बाप आणि ज्यू पोराचा बाप, दोघांनाही फक्त हसं करण्यासाठी आणलेलं आहे. तो काळच तसा होता, असं म्हणून सोडून देता येईल, पण मला ते जमत नाही. कारण हाच चित्रपट पुढे त्याच पोरांना माणूस म्हणून वागवतो. म्हणजे जाण होती; आईबापांच्या वाट्याला मात्र ती आली नाही.

*

कॅग्नीचा पॅट्सी गार्गन हा निवडणुकीत मतं गोळा करून देणारा गुंड. बक्षीस म्हणून त्याला सुधारगृहांच्या उपायुक्ताची खुर्ची मिळते. पगार घ्यायचा, काम करायचं नाही. तो पोरांच्या सुधारगृहात जातो तोही नुसता तोंड दाखवायला. त्याच वेळी जिमी नावाचं पोर पळता पळता काटेरी तारेत अडकतं आणि अधीक्षक थॉम्प्सन त्याला चाबकाने फोडून काढतो. पॅट्सीला त्या पोरात आपलं लहानपण दिसतं. तिथली परिचारिकाही त्याला आवडलेली असते, हे कारण चित्रपट लपवत नाही. चांगल्या कामामागे शुद्ध हेतूच असला पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांनी हा भाग दोनदा पाहावा.

*

थॉम्प्सन झालाय डडली डिगेस. हा मूळचा आयर्लंडचा, डब्लिनच्या रंगभूमीवरून आलेला. तो ओरडत नाही. संस्थेच्या शिस्तीबद्दल अतिशय सभ्य भाषेत बोलतो. म्हणूनच त्याची भीती वाटते.

*

जिमीचं काम करणारा फ्रँकी डॅरो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याने विल्यम वेलमनच्या ‘वाइल्ड बॉइज ऑफ द रोड’मध्ये घर सोडून मालगाड्यांवरून भटकणारा मुलगा केला. पुढे डिस्नेच्या ‘पिनोकियो’त (१९४०) बघता बघता गाढव होणाऱ्या वात्रट पोराला आवाज त्याचाच. आणि ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधला (१९५६) प्रसिद्ध यंत्रमानव रॉबी, त्याच्या पत्र्याच्या अंगातही हाच बसला होता. आयुष्यभर वाया गेलेली पोरं रंगवली आणि शेवटी चेहराही झाकला गेला!

*

चित्रपटाचं काळीज मधल्या भागात आहे. पॅट्सी थॉम्प्सनला बाजूला सारतो आणि परिचारिकेच्या डोक्यातली कल्पना अमलात आणतो: सुधारगृह पोरांनीच चालवायचं. महापौर पोरांचा, पोलीसप्रमुख पोरांचा, खजिनदार पोरांचा, न्यायाधीशही पोरांचाच. हे पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेलं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रीव्हिल इथे विल्यम जॉर्ज या गृहस्थाने १८९५ मध्ये ‘जॉर्ज ज्युनिअर रिपब्लिक’ काढलं होतं. तिथे मुलांची स्वतःची नाणी होती, कायदे होते, कोर्ट होतं आणि तुरुंगसुद्धा होता. काम केलं तरच जेवण, कारण जेवणाचे पैसे कमवायला लागत. त्या संस्थेच्या कामात रस घेणारे थॉमस मॉट ऑस्बर्न यांनी हाच प्रयोग पुढे ऑबर्न आणि सिंग सिंगच्या मोठ्या तुरुंगांत नेला. सिंग सिंगचे ते १९१४ मध्ये अधीक्षकच झाले.

*

पॅट्सी शहरात जातो, टोळीच्या भांडणात गोळी झाडतो आणि लपून बसतो. बस्स, एवढ्याने पोरांचं राज्य बुडतं. थॉम्प्सन परत येतो, छातीचं दुखणं असलेल्या स्किनी नावाच्या पोराला थंडगार खोलीत कोंडतो आणि ते पोर मरतं.

इथे एक गोष्ट नीट दिसते. महापौर निवडला, कोर्ट बसवलं, पण किल्ल्या कधीच पोरांच्या हातात नव्हत्या. ते स्वराज्य उसनं होतं. देणारा गेला तसं तेही गेलं. स्किनी मेल्यावर पोरं उठतात, थॉम्प्सनला पकडतात आणि त्याच्यावर खटला चालवतात. कुणाच्याही परवानगीशिवाय बसलेलं हे त्यांचं पहिलं कोर्ट. पद्धत तीच, शिकवलेली. फक्त शिकवणाऱ्यांना ती आपल्यावर उलटेल असं वाटलं नव्हतं. थॉम्प्सन कोठाराच्या छपरावर पळतो, पोरं कोठार पेटवतात, तो खाली पडून मरतो. मशाली घेतलेली मुलं पाहताना आपण त्यांच्या बाजूचे असतो आणि त्यांना घाबरतोही.

त्यानंतर पॅट्सी धावत येतो आणि सगळं सुरळीत होतं. हा शेवट खोटा आहे.

*

१९३४च्या जुलैपासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली. सूड योग्य ठरवायचा नाही, कायद्याची टिंगल करायची नाही. वॉर्नरने हीच गोष्ट पुन्हा दोनदा बनवली. ‘क्राइम स्कूल’मध्ये (१९३८) हम्फ्रे बोगार्ट उपायुक्त आहे, पण आता तो गुंड नाही, सरळ प्रामाणिक अधिकारी. ‘हेल्स किचन’मध्ये (१९३९) तरुण रोनाल्ड रेगन आहे आणि एक पोर शीतगृहात कोंडून मरतं. दोन्ही पाहण्याजोगे, ‘डेड एंड किड्स’ नावाने गाजलेली पोरं त्यांत धमाल करतात. पण गुंडाच्या जागी सज्जन बसवला की मूळची खोच जाते. मूळ चित्रपट सांगत होता की या पोरांना ओळखणारा एकमेव माणूस त्यांच्यासारखाच गुन्हेगार होता.

*

आपल्याकडे व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७), कथा गदिमांची. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत झाली, त्या प्रयोगाची ही आठवण. तिथे कैदी मोठे, खुनाची शिक्षा भोगणारे. त्यांच्यावर पहारा असतो तो जेलरच्या दोन डोळ्यांचा. जेलर मेला तरी ते डोळे वर आकाशात राहतात. शांतारामबापूंचा भर नजरेच्या धाकावर आणि मायेवर आहे, कॅग्नीच्या चित्रपटात भर कोर्टावर आहे. मला दोन्ही पटतात, पण मुलांच्या बाबतीत दुसरा रस्ता जास्त मोलाचा वाटतो. नजर दुसऱ्याची असते.

*

चाबूक, कोंडवाडा, मेलेलं पोर हे भडक वाटतं का? फ्लोरिडात मरियाना इथली डोझिअर शाळा १९०० मध्ये उघडली आणि २०११ मध्ये बंद झाली. नंतर एका विद्यापीठाच्या पथकाने तिथली जमीन उकरली तेव्हा ५५ कबरी सापडल्या. संस्थेच्या नोंदी त्याहून बऱ्याच कमी दाखवत होत्या. कोलसन व्हाइटहेड यांची ‘द निकेल बॉइज’ ही कादंबरी (२०१९) तिथूनच आली. कॅग्नीचा चित्रपट थिएटरात लागला होता तेव्हाही ती शाळा चालूच होती.

*

वॉर्नरच्या तिन्हींपैकी एकच बघायला वेळ असेल तर १९३३चाच बघा. कोर्टातले आईबापांचे विनोद सहन करा आणि शेवटची पाच मिनिटं मनावर घेऊ नका.