बावधनच्या टेकडीखालून

१० ऑगस्ट २०२५, रविवार
कालपासून उघडीप आहे. टेकडीवर कुसळी गुडघ्याला लागते आहे, अधूनमधून तेरडा फुललाय. रस्त्यासाठी टेकडी जिथे उभी कापली आहे, तिथे बराच वेळ थांबले. वर हातभर मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा तांबूस दगड, मग अखंड काळा कातळ. त्या दोन दगडांच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. बोट लावलं तर गारेगार. पाऊस थांबला तरी ही धार चालूच. बावधनचा झरा आणि रामनदी अशाच मुरलेल्या पाण्यावर जगतात. पुण्यातल्या अ‍ॅक्वाडॅमचे भूजल-अभ्यासक हे कधीपासून सांगत आहेत. या उतारावर बंगले आणि टॉवर उभे राहिले, तर मुरायचं पाणी तासाभरात खालच्या वस्तीत येईल.

१३ ऑगस्ट
समितीला पाठवायच्या पत्राचा मसुदा. १९९७ साली २३ गावं पुणे महापालिकेत आली आणि त्यांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण सुचवलं गेलं. माजी खासदार वंदना चव्हाण आणि कितीतरी साध्या पुणेकरांनी ते वर्षानुवर्षं लढवलं. राज्य सरकारने मान्य करायला २०१५ उजाडलं. सुमारे ९७८ हेक्टर. आता सरकारने नेमलेली, रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालची समिती बीडीपी आणि डोंगरमाथा-डोंगरउतार क्षेत्र, दोन्हींचे नियम पुन्हा तपासते आहे. एवढं झगडून मिळालेलं परत मागायची वेळ यावी, याचा संताप येतो.

पत्रात पहिला मुद्दा शिंदेवाडीचा घेतला. जून २०१३, कात्रजच्या जुन्या बोगद्यापलीकडे. बेकायदा डोंगर फोडला होता, पाण्याच्या वाटा अडल्या होत्या. जोराच्या पावसात लोंढा थेट महामार्गावर आला आणि मायलेकी वाहून गेल्या. डोंगरउतारावर बांधायला परवानगी मागणाऱ्याला आधी याचं उत्तर द्यायला लावलं पाहिजे.

१७ ऑगस्ट
टेकडी वाचवण्यासाठी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक. घोषणा, फलक, मोर्चाची तारीख, नेहमीचंच. शेवटी मागच्या रांगेतले एक मामा उठले. टेकडीवर त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे.

"ताई, तुम्ही फिरायला येता, चांगलंय. पण सातबारा आमचा. एवढी वर्षं आरक्षण आहे, ताबा कुणी घेतला नाही, पैसा कुणी दिला नाही. टीडीआर देतात तो आठ टक्के! शेजारच्यानं कंटाळून गुंठा-गुंठा विकून टाकली. बिल्डरचा माणूस आमच्याकडं दर महिन्याला येतो. त्याला किती दिवस नाही म्हणू?"

हॉलमध्ये कुणी बोललं नाही. मला वाटतं, बैठकीतलं खरं बोलणं तेवढंच झालं. टीडीआर म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. शाळेच्या, बागेच्या आरक्षणाला याहून कितीतरी जास्त मोबदला मिळतो. टेकडीवाल्याला मात्र शंभर चौरस मीटरमागे आठ. नकाशावर हिरवा रंग द्यायचा आणि मालकाला वाऱ्यावर सोडायचं, या धोरणानेच टेकड्यांवर पत्र्याच्या खोल्या चढल्या. उद्या बांधकामाची सूट मिळाली, तर लाभ मामांपेक्षा त्यांची जमीन पडेल भावात उचलणाऱ्याला होईल. आलिशान घरांची गिऱ्हाइकं वेगळीच.

१९ ऑगस्ट
दिवसभर पाऊस. पत्राला हात लागला नाही.

२१ ऑगस्ट
मामांच्या ओट्यावर बसून पत्र पुन्हा लिहिलं. टेकडीवर एक वीटही नको, यावर ते ठाम आहेत. मला वाटलं होतं त्याहून जास्त. "वर बांधलं तर माझी विहीर आटंल," म्हणाले. पण अट घातली: मोबदल्याचं कलम आधी, मगच सही. आरक्षण कायम ठेवा, टीडीआर इतर आरक्षणांच्या बरोबरीने द्या आणि जमीन ठराविक मुदतीत पालिकेच्या ताब्यात घ्या, हे आता पहिलं कलम झालंय. शिंदेवाडी दुसरं. मामांनी सही केली आणि वाडीतल्या आणखी जमीनमालकांची नावं सांगितली. उद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जायचं आहे. मामा सोबत येणार आहेत.