रात्रपाळीतला अल्बम

'प्रिटी हेट मशीन' हा अल्बम स्टुडिओत फरशी पुसणाऱ्या एका पोराने केला, हे सांगितलं की ऐकणाऱ्याला ती दंतकथा वाटते. पण ते खरं आहे. ट्रेंट रेझनर पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर या छोट्या गावात आजी-आजोबांकडे वाढला, लहानपणापासून पियानो शिकला. पुढे क्लीव्हलँडला येऊन राइट ट्रॅक नावाच्या स्टुडिओत पडेल ते काम करू लागला, त्यात झाडलोटही आली. स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा तू वापर, अशी मालकाने मुभा दिली, आणि त्या रिकाम्या रात्रींमध्ये गाण्यांचे कच्चे आराखडे तयार झाले. मनासारखे साथीदार मिळेनात, तेव्हा प्रिन्सचा कित्ता गिरवत त्याने जवळजवळ सगळं स्वतःच वाजवलं. म्हणजे 'नाईन इंच नेल्स' हा बँड या पहिल्या अल्बमपुरता तरी एकच माणूस होता. २० ऑक्टोबर १९८९ला टीव्हीटी कंपनीने अल्बम बाजारात आणला. ही कंपनी सुरू झाली होती टीव्ही मालिकांच्या शीर्षकगीतांचे संग्रह काढून.

माझ्यापर्यंत तो आला कॅसेटच्या रूपात, ओहायोत शिकणाऱ्या मावसभावाकडून. आम्ही चिंचवडला राहायचो. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते, त्यामुळे घरातली जेवणं, झोपा, पाहुण्यांचं येणंजाणं सगळं पाळीवर ठरायचं. "बाबा झोपलेत, आवाज कमी कर गं," हे आईचं पालुपद. मग हेडफोन. 'हेड लाइक अ होल'चा तो सुरुवातीचा ठोका कानात पडला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही. शाळेत असताना कारखान्याच्या वर्धापनदिनाला बाबांनी आम्हाला शॉपमध्ये नेलं होतं. प्रेस खाली येते, पत्रा कापला जातो, वर जाते, मध्ये नेमका तेवढाच श्वास, आणि पुन्हा खाली. त्या आवाजावर कुणी गाऊ शकेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

'इंडस्ट्रियल' संगीत रेझनरच्या आधीही होतं. लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसलने १९७६मध्ये आपल्या कंपनीचं नावच इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ठेवलं. बर्लिनचे आइनश्टुर्त्सेंड नॉयबाउटेन पत्रे बडवायचे, ड्रिल चालवायचे. तो सगळा प्रकार धाडसी होता, पण ऐकणाऱ्याला हातभर लांब ठेवणारा. रेझनरने त्या गोंगाटात चक्क गाणं घातलं. धृपद, चाल, नाचता येईल असा ताल. कट्टर मंडळींना हे पाणी घातल्यासारखं वाटतं. मला हीच त्याची सर्वांत मोठी कमाई वाटते. सँपलर आणि सिंथेसायझर त्याच्या हातात आले आणि एका चोवीस वर्षांच्या मुलाचा एकटेपणा लोकांना एकत्र गाता येऊ लागला. 'डाउन इन इट'च्या शेवटाकडे तर तो पावसाला 'जा' म्हणणारं मुलांचं बडबडगीत गुणगुणतो. (आपल्याकडची पोरं पावसाला 'ये' म्हणतात, हा हवामानाचा फरक.)

'टेरिबल लाय' मला कळायला वेळ लागला. त्यात तो थेट देवाला जाब विचारतो. कॉलेजात ते नुसतं बंड वाटायचं. पुढे नामदेव, जनाबाई वाचताना ते गाणं वेगळंच उमगलं. विठ्ठलाला खडसावणं, त्याच्यावर रुसणं, त्याला शिव्या घालणं आपल्या संतांनी मनसोक्त केलं आहे, पण ते घरातल्या माणसाशी भांडण आहे; समोरचा ऐकतोय याची खात्री आहे. रेझनरचं भांडण रिकाम्या घरातलं. तो ओरडतो आणि उत्तरादाखल फक्त ड्रम मशीन येतं. तरी तो विचारणं सोडत नाही, म्हणून ते गाणं मला नास्तिकाचं वाटत नाही.

कॅसेटची पहिली बाजू 'समथिंग आय कॅन नेव्हर हॅव'वर संपायची. पियानोचे मोजके स्वर फिरून फिरून येतात, खाली एक अस्पष्ट घुमणं चालू असतं, आवाज जवळजवळ कुजबुजीइतका. मग लांबून काहीतरी जड कोसळल्यासारखे आघात येतात आणि पियानो मात्र आपली जागा सोडत नाही. मर्सरमधला पियानो शिकणारा मुलगा इथे स्पष्ट ऐकू येतो. बाबा गेले त्या वर्षी मी हेच एक गाणं ऐकू शकत होते. त्यात सांत्वन नाही, "होईल सगळं ठीक" नाही. हवं ते मिळणार नाही, एवढंच ते म्हणतं, आणि ते खोटं बोलत नाही हेच तेव्हा पुरेसं होतं.

या अल्बमचे शब्द पोरकट आहेत, असं समीक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. चोविशीतलं दुःख चोविशीच्याच भाषेत बोलणार. पन्नाशीतल्या माणसाने ते तपासून त्याला पोक्तपणाचे गुण द्यायचे, हा कुठला न्याय? उलट 'द डाउनवर्ड स्पायरल'सारखं पुढचं काम जास्त घडीव असूनही माझा हात या पहिल्याकडेच जातो.

रेझनरचं पुढे सगळं झालं. अॅटिकस रॉससोबत 'द सोशल नेटवर्क'साठी ऑस्कर, मग 'सोल'साठी दुसरं. 'सोल' बघताना माझी लेक पार्श्वसंगीतावर खूश झाली, तेव्हा मी तिला हा अल्बम लावून दिला. 'सँक्टिफाइड'चा बेस तिला सर्वांत आवडला. २०२०मध्ये 'नाईन इंच नेल्स'ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आणि ते हॉल ऑफ फेम क्लीव्हलँडमध्येच आहे.

तुम्ही ऐकला नसेल तर सुटी गाणी शोधू नका. 'हेड लाइक अ होल'पासून 'रिंगफिंगर'पर्यंत दहाही गाणी क्रमाने, हेडफोन लावून ऐका. पन्नास मिनिटंही लागत नाहीत.