जमाखर्चापलीकडची वही

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पिंगळी हे लहानसे स्थानक लागते. या परिसरातील व्यापारी घरांत दिवाळीला वहीपूजन होते, पहिल्या पानावर ‘श्री’ रेखाटला जातो आणि नव्या वर्षाच्या नोंदी सुरू होतात. उधारी, येणेदेणे सारे त्या वहीत उतरते. ती लिहिणाऱ्याचे आयुष्य मात्र बहुधा त्याच्याबरोबरच निघून जाते. ‘सवड मिळाली की लिहू’ असे म्हणता म्हणता सवड येतच नाही.

सवडीची वाट न पाहणारा लेखक याच मातीत होऊन गेला. बी. रघुनाथ, अर्थात भगवान रघुनाथ कुलकर्णी, यांचा जन्म १९१३ मध्ये जुन्या परभणी जिल्ह्यातील सातोना येथे झाला. निजामी राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती आणि उपजीविकेसाठी ते सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी करीत. तरीही त्यांनी मराठीत कविता, कथा आणि सात कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, परभणीत त्यांचे निधन झाले. निवृत्तीनंतर लिहू असे त्यांनी ठरवले असते, तर मराठी साहित्यात त्यांचे नावही उरले नसते.

जैन समाजाला तर याहून जुना आणि अगदी आपल्या पेढीवरचा आदर्श लाभला आहे. १५८६ मध्ये जौनपूरला जन्मलेले बनारसीदास व्यापारी होते. १६४१ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ‘अर्धकथानक’ हे पद्यमय आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानले, तर ही निम्म्या आयुष्याची कथा, म्हणून हे नाव. आग्र्यात व्यापार बुडाला तेव्हा एका कचोरीवाल्याने महिनोन्महिने उधारीवर खाऊ घातले, हे त्यांनी लपवले नाही. नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली, हे दुःखही मांडले. तारुण्यात रचलेले शृंगारकाव्य आपल्या हातांनी गोमतीत सोडल्याचीही नोंद केली.

नफ्याइतकाच तोटाही मांडावा, हा सचोटीच्या वहीचा नियम. लेखनाचाही तोच. प्रतिक्रमणात श्रावक दिवसभराच्या दोषांची आलोचना करतो. प्रामाणिक आत्मकथन त्याच वाटेने जाते. येत्या दिवाळीला जमाखर्चाच्या वहीशेजारी आणखी एक कोरी वही ठेवावी. घरातील वडीलधाऱ्यांनी तीत रोज चार ओळी लिहाव्यात. पुढच्या पिढीला ती वही इस्टेटीइतकीच मोलाची वाटेल.