पाच प्रश्नचिन्हे

आमच्या गटाचे गेल्या अनेक वर्षांचे लेखन अलीकडे एका डेटाबेसमधून, म्हणजे विदागारातून, दुसऱ्यात हलवावे लागले. सदाशिव पेठेतले बिऱ्हाड कोथरूडला न्यावे, तसे हे काम असेल असा आमचा समज होता.

जुने विदागार मायएसक्यूएलचे. मूळच्या स्वीडिश असलेल्या या प्रणालीत, २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत, वेगळे सांगितले नाही तर मजकूर 'लॅटिन-१' समजला जाई आणि अकारविल्हे स्वीडिश नियमाने लागे. त्या पाटीखाली आमची मराठी वर्षानुवर्षे सुखाने नांदली, कारण आत ठेवलेले बाइट जसेच्या तसे परत मिळत. पाटी खोटी असल्याचे कळते ते सामान हलवताना. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. नव्या घराने पाटीवर विश्वास ठेवला आणि एका 'म'ची तीन चिन्हे केली: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', चलनाची एक अनोळखी खूण आणि नोंदणीकृत व्यापारचिन्ह. पानेच्या पाने अशी दिसू लागल्यावर आमच्यातल्या काहींचा धीर सुटला. वस्तुतः हा मजकूर सुरक्षित होता. तीन-तीन चिन्हे पुन्हा जुळवली की 'म' परत येतो, आणि तो आलाही.

गेला तो निराळाच मजकूर. मधल्या काळात कोणा सेवादात्याने घेतलेल्या एका प्रतीत, लॅटिनमध्ये न मावणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह बसले होते. दिसायला अगदी नीटनेटके. पण 'मराठी'चीही पाच प्रश्नचिन्हे होतात आणि 'कविता'चीही पाचच. त्यांतून मागे जायला वाट नाही.

याहून फसवा प्रकार 'ऱ'चा. पूर्वी कित्येक जण तो साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून टंकित करीत. अदृश्य चिन्हे कचरा म्हणून झाडली की लग्नघरातल्या आचाऱ्यांचे 'आचार्य' होतात आणि सह्याद्रीतल्या दऱ्यांचा 'दर्या'. यंत्र तक्रार करीत नाही. वाचकही, वाक्य जुळत असेल तर, पुढे जातो. (प्राध्यापक मंडळींना हा बदल बढती वाटेल की नाही, सांगता येत नाही.)

पाठचिकित्सा करणाऱ्यांना हे नवे नाही. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. सुगम पाठ नकलनविसाने सोपा करून घेतलेला असू शकतो, म्हणून सुखठणकर कठीण पाठाला झुकते माप देत. आणि जिथे खात्री कमी, तिथे छापील संहितेखाली नागमोडी रेघ येई.

आमच्या संग्रहातल्या एका दिवंगत मित्राच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद असा प्रश्नचिन्हांत गेला आहे. दुसरी प्रत कुठेही सापडली नाही. त्याची शैली आम्हा सर्वांना पाठ आहे, अर्थही आठवतो. तेव्हा परिच्छेद लिहून टाकावा, अशी सूचना आली. ती प्रेमापोटीच होती. आम्ही ती स्वीकारली नाही. विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा शाबूत आहेत, त्यामुळे वाक्ये किती, शब्द किती, हे मोजता येते. तो परिच्छेद तसाच ठेवला आहे, आणि खाली नागमोडी रेघ.